गेटचा रकाना

विश्रामराव दळवींच्या कचेरीत नियम म्हणाल तर एकच होता. रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण आपल्या मनाचं भरायचं नाही. डोंबिवलीला मानपाडा रोडवर, पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर ही कचेरी होती. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची आणि संध्याकाळी कळफलकावरून फडकं फिरवलं की त्यावर ज्वारीचं पीठ यायचं. अशा जागेत बसून विश्रामराव लोकांना संगणक कसा, केवढा आणि कुठे बसवायचा हे सांगायचे. १९९० साली डोंबिवलीत हा धंदा करणारा माणूस लोकांना ज्योतिषासारखा वाटायचा, आणि विश्रामरावांनाही ते फारसं खटकत नसे.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी गिऱ्हाइकाकडे जायचं, प्रत्येक खात्याच्या प्रमुखासमोर सायक्लोस्टाईल केलेला फॉर्म ठेवायचा आणि काम काय, माणसं किती, गर्दी कधी होते, काय अडलं तर सगळं अडतं, हे त्याच्या तोंडून काढायचं. मशीनचं नाव तोवर घ्यायचं नाही. ‘लोकांना काय हवंय ते लोक सांगत नाहीत, ते काय करतात ते सांगतात. ऐकणाऱ्याला कान हवेत,’ असं ते म्हणत. मधु नावाच्या एका हुशार पोरानं पूर्वी एक रकाना अंदाजानं भरला होता आणि दुसऱ्या आठवड्यापासून तो कचेरीत दिसला नाही, ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवली जायची. सांगणारे विश्रामराव नसत, बाकीचेच सांगत, त्यामुळे ती आणखी भयानक वाटे.

सरोज टिपणीसनं ती जूनमध्ये ऐकली. विश्रामराव म्हणाले होते, आडनावच टिपणीस, तेव्हा टिपणं तुम्हीच काढा. सहा महिने उमेदवारी, मग कायम. सरोजला ही नोकरी अगदी मनापासून हवी होती. बँकेत चिकटायची सोडून ती गिरणीच्या डोक्यावर काय करते, असं अख्खं टिपणीस खानदान विचारत होतं, आणि कायम झाल्याचं पत्र हे त्या सगळ्यांना एकच उत्तर होतं. आई, विमलाबाई, काही विचारत नसत. मुलीची नोकरी कायम व्हावी म्हणून त्यांनी संकष्टी धरली होती, आणि मुलीलाही धरायला लावली होती.

नोव्हेंबरात ठाण्याच्या खाडीकाठच्या बर्फ आणि शीतगृह संस्थेचं काम आलं, आणि ते विश्रामरावांनी एकट्या सरोजवर सोपवलं.

संस्था जुनी होती. अर्धे सभासद कोळीवाड्यातले, अर्धे कल्याणच्या घाऊक बाजारातले व्यापारी. कोळ्यांना होड्यांसाठी बर्फाच्या लाद्या लागत, व्यापाऱ्यांना बटाटे आणि सफरचंदं ठेवायला थंड खोल्या. संस्थेचे व्यवस्थापक भाऊ फणसे यांना आता संगणक हवा होता, आणि त्यांच्या चारही खात्यांना तो एकेक, स्वतंत्र आणि आजच्या आज हवा होता. गेट, शीतगृह, कार्यालय आणि यंत्रशाळा. चार मशीनं घ्यायची संस्थेची ऐपत नव्हती, आणि गरजही नव्हती. विश्रामरावांचा बेत असा होता की वरच्या मजल्यावर वातानुकूलित खोलीत एकच दणकट मशीन बसवायचं आणि तिथून वायरी खाली सोडून टेबलाटेबलांवर टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक, द्यायचे. मशीन एक, पण प्रत्येक खात्याला वाटलं पाहिजे की ते आपलंच आहे. दुसऱ्याचं काम आपल्याला दिसू नये आणि दुसऱ्याच्या कामानं आपलं अडू नये.

‘चाळीतल्या नळासारखं आहे हे,’ विश्रामराव म्हणाले होते. ‘नळ एक आणि बिऱ्हाडं चार. सगळे एकदम हंडे घेऊन आले तर मारामारी. वेळा वेगळ्या असल्या तर कुणाला कळतही नाही की नळ एकच आहे. तेव्हा तुम्ही तिथे जाऊन फक्त वेळा आणा.’

संस्थेला झेपणाऱ्या मशीनवर आठ टर्मिनल चालत. नववा लावला की सगळेच मुंगीच्या पावलानं चालत. सरोज वेळा आणायला गेली.

पहिला दिवस, बुधवार, गेटचा. गेटवरचे प्रमुख दामाजी नाखवा पन्नाशीचे, बोलायला मोजके. सभासदाची होडी कुठली, तिला किती लाद्या द्यायच्या, हे पाहून ते चिठ्ठी फाडत आणि चिठ्ठी घेऊन बायामाणसं लाद्यांच्या घसरगुंडीकडे धावत. लाद्या हातगाडीवरून धक्क्यावर जात. सरोज गेली तेव्हा सकाळभर गेटवर शुकशुकाट होता. दोनच्या सुमाराला एकदम झुंबड उडाली आणि चारला ओसरली. मधल्या वेळात दामाजींनी वडापाव मागवला तर सरोजनं हात जोडून सांगितलं की आज संकष्टी आहे. दामाजी हसले, हो, चवथच आज, म्हणाले आणि तिच्यासाठी केळी आणवली. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून फॉर्म भरला. ‘सर्वांत गर्दीची वेळ’ या रकान्यात त्यांनी दोन शब्द लिहिले आणि खाली सही केली.

दुसरा दिवस शीतगृहाचा गेला. तिथं सकाळी नऊ ते अकरा कल्याणहून ट्रक लागायचे, चार टर्मिनल हवेत. तिसरा दिवस कार्यालयाचा. मुख्य लेखनिक मालनताईंनी चष्म्यावरून पाहत सांगितलं की सकाळी नऊ ते अकरा आम्हाला मान वर करायला फुरसत नसते, तीन टर्मिनल हवेत. यंत्रशाळेला त्याच वेळेला एक. चार, तीन आणि एक मिळून आठ झाले. राहिलं गेट. त्यांनाही चार हवे होते.

शनिवारी कचेरीत बसून तिनं चारही फॉर्म समोर घेतले आणि दामाजींचा रकाना वाचला. ‘रोज वेगळी.’

हे काय उत्तर झालं? तिला राग आला. तीन दिवस पायपीट करून माणसांनी असं उडवून लावायचं? गर्दी दोन ते चार होती, तिनं डोळ्यांनी पाहिली होती. सोमवारी टिपण टंकून द्यायचं होतं. दोन ते चार धरलं की हिशेब असा सुंदर जमत होता, की सकाळी आठ, दुपारी चार, आठ टर्मिनलचं मशीन आणि सगळ्यांना आपापला नळ. ठाण्याला जाऊन पुन्हा विचारायचं तर सोमवार चुकत होता. खाली गिरणी घरघरत होती, टेबल थरथरत होतं. सरोजनं खोडरबर घेतलं, ते दोन शब्द पुसले आणि पेनानं स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘दुपारी २ ते ४’. मी मनाचं कुठे लिहितेय, पाहिलेलंच लिहितेय, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला समजावतो तेव्हा फार लवकर समजतो.

टिपण गेलं. विश्रामरावांनी वाचलं, फॉर्मांवरून नजर टाकली आणि ‘छान’ म्हणाले. ते सहसा म्हणत नसत. भाऊ फणशांनी टिपणाच्या प्रती काढून खात्याखात्यांत वाटल्या. संचालकांची बैठक येत्या शनिवारी ठरली, आणि त्याच शनिवारी सरोजचे सहा महिनेही भरत होते.

गुरुवारी ती मशीनच्या खोलीचं माप घ्यायला ठाण्याला गेली. सकाळचे सव्वानऊ झाले होते. संस्थेच्या वळणावरच तिला गलका ऐकू आला, आणि वळण घेतल्यावर पाय जागीच थांबले. गेटवर मुंगी शिरायला जागा नव्हती. हातगाड्यांना हातगाड्या भिडलेल्या, टोपल्या घेतलेल्या कोळणी, लाद्यांमधून उडणारा बर्फाचा चुरा. एका बाजूनं कल्याणचे ट्रक आत शिरायला भोंगे वाजवत होते. मधोमध दामाजी शांतपणे चिठ्ठ्या फाडत होते. ज्या वेळेला शीतगृह, कार्यालय आणि यंत्रशाळा मिळून आठही टर्मिनल अडवणार होते, नेमक्या त्याच वेळेला गेटला चार लागत होते.

गर्दीतून वाट काढत ती दामाजींपर्यंत पोचली आणि आज इतकी गर्दी कशी, काही विशेष आहे का, असं तिनं विचारलं.

‘विशेष काय नाय, मॅडम. आज बारस,’ दामाजी म्हणाले. ‘साडेनवाला पानी भरंल. मंग ओहोटी लागली की होड्या चिखलात. तवर बरफ धक्क्यावर गेला पायजे.’

‘पण त्या दिवशी तर दोन वाजता गर्दी होती.’

‘त्या दिशी चवथ व्हती ना. तुमचा उपास व्हता.’

मग एका हातानं चिठ्ठ्या फाडत त्यांनी जे सांगितलं ते कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. चवथीला तीन, अष्टमीला सहा, बारशीला नऊ. त्यात पाण्याला खाडीत एवढं आत यायला लागतो तो अर्धा तास मिळवायचा. ती भरतीची वेळ. त्याआधी दीड-दोन तास गेटवर झुंबड. रोज पाऊण तास पुढे. पाणी घड्याळावर चालत नाही, तिथीवर चालतं.

‘हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?’ सरोजचा आवाज रडवेला झाला होता.

दामाजींना प्रश्नच कळला नाही. भरती रोज पुढे सरकते हे काय सांगायचं? सूर्य पूर्वेला उगवतो हे कुणी फॉर्मात लिहितं का? आणि गर्दीची वेळ रोज वेगळी, हे त्यांनी लिहून दिलंच होतं.

तेवढ्यात एक धिप्पाड कोळीण हातातली रिकामी टोपली आपटून सरोजपुढे उभी राहिली. दामाजींनी ओळख करून दिली. ही आवडाबाई, तीन होड्यांची मालकीण आणि संस्थेची सगळ्यांत जुनी सभासद. आवडाबाईंना सरोजची ओळख करून द्यायची गरज पडली नाही.

‘दोन ते चार तूच लिवलंस ना गो, पोरी?’ त्या म्हणाल्या. ‘मंग आता खाडीला पन जाऊन सांग. बोल, बाय, दोन वाजल्याबिगर भरू नको, आमच्या मशीनला चालत नाय.’

भोवतालच्या बाया हसल्या, पण ते हसू काही बरं नव्हतं. हळूहळू सरोजला सगळा प्रकार कळला. तिच्या टिपणाची प्रत दामाजींच्या हाती आली तेव्हा त्यावर टंकलेलं होतं, ‘गेट : दुपारी २ ते ४’. शिकलेल्या मॅडमनी लिहिलंय, वर साहेबांची सही आहे, तेव्हा हा नवा नियमच असणार, असं सगळ्यांनी धरलं. मशीन आलं की बर्फ फक्त दोन ते चार मिळणार. तीन दिवस कोळीवाड्यात दुसरा विषय नव्हता. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस होड्या बर्फाशिवाय निघणार आणि मासळी वाटेतच सडणार. आवडाबाई शनिवारी पाच-पन्नास बाया घेऊन संचालकांच्या बैठकीवर जाणार होत्या. आणि दामाजी मात्र कुणाला काही बोलले नव्हते. कोणत्या तिथीला कुठल्या होडीला किती लाद्या लागतात हे त्यांच्या डोक्यात होतं, तीस वर्षं त्याच्यावरच त्यांची नोकरी चालली होती. दोन ते चारच गेट उघडायचं असेल तर आपलं इथे काम काय, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि राजीनाम्याचा कागद एकाकडून लिहूनही घेतला होता. तो खिशातच होता.

हे शेवटचं दामाजींनी नाही, आवडाबाईंनी सांगितलं. दामाजी दुसरीकडे बघत होते.

माप घ्यायचं राहूनच गेलं. घरी येईपर्यंत सरोजला एकच दिसत होतं, कानावरून काढलेली ती पेन्सिल आणि आपण झाडून टाकलेला रबराचा चुरा. आपल्या एका रबरानं एक भला माणूस घरी बसायला निघाला होता, आणि आपण कायम होण्याच्या पत्राची वाट पाहत होतो. लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत वाटली.

विमलाबाई द्वादशीचं पारणं करून निवांत भाजी निवडत होत्या. दोघींच्या डोक्यावर भिंतीला कॅलेंडर होतं, चौकोनाचौकोनात बारीक अक्षरात तिथी छापलेली. तसंच कॅलेंडर दामाजींच्या केबिनमध्ये होतं, मालनताईंच्या मागे होतं, भाऊ फणशांच्याही दाराआड होतं. ही माणसं भारी देवभोळी, असं सरोजला वाटून गेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. ज्या चतुर्थीला ती उपाशी राहिली, तिच्याच पोटात तिला हवं ते उत्तर होतं.

तिनं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, जमिनीवर पसरलं आणि तीस तिथींची पाऊणपट करायला बसली. आई विचारत राहिली की आता कसलं व्रत धरतेस. तास-दीड तासात आकडे समोर आले, आणि तिला भीती वाटली होती तेवढे ते वाईट नव्हते. बरेच दिवस गेटची झुंबड दुपारी किंवा पहाटे पडत होती, सकाळच्या नळापासून लांब. खरी टक्कर होत होती ती द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशी आणि पौर्णिमा किंवा अमावास्या या दिवशी. पंधरवड्यात चार दिवस. त्या चार सकाळी गेटचे चार आणि शीतगृहाचे चार मिळून आठ होत. कार्यालयानं आणि यंत्रशाळेनं तेवढे चार दिवस आपलं काम दुपारी केलं तर हेच मशीन पुरत होतं. पण कार्यालय म्हणजे मालनताई, आणि त्यांनी मान वर करायला फुरसत नसते असं लिहून दिलं होतं.

आणि त्याच्याही आधी विश्रामरावांना सांगायला हवं होतं.

आकड्यांचा कागद नेऊन ‘सर, एक दुरुस्ती आहे’ एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. दामाजींनी वेळ चुकीची सांगितली होती, असं म्हटलं असतं तर तेही खपलं असतं, फॉर्मवर त्यांची सही होतीच. हा विचार सरोजच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि स्वतःचीच किळस येऊन गेला. शुक्रवारी सकाळी ती मूळ फॉर्म घेऊन विश्रामरावांच्या टेबलापुढे उभी राहिली.

‘सर, गेटचा रकाना मी भरलाय.’

विश्रामरावांनी फॉर्म हातात घेतला. उठले, खिडकीशी गेले आणि कागद उजेडाकडे तिरका धरला. पेनाच्या अक्षरांमागे पेन्सिलीचा ठसा अजून होता. दामाजी दाबून लिहिणारे होते.

‘रोज वेगळी,’ त्यांनी वाचलं. मग कागद तसाच उजेडात धरून वरची अक्षरं आणि खालचा ठसा पुन्हा एकदा पाहिला.

‘म्हणजे रकाना रिकामाही नव्हता,’ ते म्हणाले.

‘नव्हता, सर.’

त्यांनी आकड्यांचा कागद मागितला, तो दोनदा वाचला आणि तिला एवढंच सांगितलं की उद्याच्या बैठकीत हे तुम्हीच सांगायचं, मी शेजारी बसेन. नोकरीचं काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं सरोजला दिवसभर वाटत राहिलं.

शनिवारी, चतुर्दशीला, बैठक दहा वाजता सुरू झाली. खाली गेटवर भरतीची झुंबड होती आणि जिन्यात आवडाबाई बायांसह येऊन बसल्या होत्या. खोलीत पाच संचालक, विश्रामराव, भाऊ फणसे, मालनताई, यंत्रशाळेचा माणूस, आणि दाराशी खिशावर हात ठेवून उभे असलेले दामाजी. सरोज उठली. तिनं आडपडदा ठेवला नाही. टिपणात लिहिलेली गेटची वेळ चुकीची आहे, दामाजींनी ती बरोबर लिहून दिली होती, मी ती पुसली आणि माझ्या मनानं दुसरी लिहिली. चूक माझी एकटीची आहे. मशीन आलं म्हणून गेटची वेळ बदलणार नाही, मशीनच तिथीप्रमाणे चालेल. मग तिनं चार दिवसांची टक्कर सांगितली आणि कार्यालयाला ते चार दिवस दुपारी काम करावं लागेल, असं जीव मुठीत धरून सांगून खाली बसली.

सगळे मालनताईंकडे पाहू लागले. मालनताईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

‘त्या चार सकाळी आम्ही तसंही काही करत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘गेटवर हा गोंधळ असतो, आकडा आकड्याला लागत नाही. खिडक्या लावून घेतो, जुने कागद लावतो नि जेवणानंतर कामाला बसतो. माझ्या आधीचे देशपांडेही तसंच करत.’

‘मग तुम्ही फॉर्ममध्ये का नाही लिहिलंत?’ भाऊ फणशांनी विचारलं.

‘विचारलंय कुणी?’ मालनताई म्हणाल्या.

आणि खरंच, सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की त्या क्षणीही बैठकीच्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या. शिपायानं कुणी न सांगता लावल्या होत्या. यंत्रशाळेचा माणूस म्हणाला की आम्ही मोठ्या भरतीला सकाळी नोंदी घेतच नाही, सगळे लाद्या ओढायला खाली असतात. अख्खी संस्था चाळीस वर्षं पाण्यावर चालत होती. फक्त ते कागदाला ठाऊक नव्हतं. भाऊ फणसे आधी हसले, मग संचालक हसले, आणि सरोजचा जीव भांड्यात पडला. इतका, की तिला तिथेच बसल्या बसल्या थोडं रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

आठ टर्मिनलचं मशीन मंजूर झालं. टिपण सुधारून सोमवारी द्यायचं ठरलं. जिन्यात बातमी पोचली तेव्हा आवडाबाईंनी सरोजला आपादमस्तक न्याहाळलं, लय घाबरवलंस गो, म्हणाल्या, आणि भांडायला म्हणून आणलेल्या बाया घेऊन बर्फाकडे धावल्या. भरतीला अर्धाच तास राहिला होता. दामाजी खाली उतरले, खिशातला कागद काढला आणि त्याचे चार तुकडे करून लाद्यांखालच्या भुश्शात टाकले. मग जसं काही झालंच नाही तसे चिठ्ठ्या फाडायला बसले.

परत निघताना रिक्षात सरोजनं एकदाचं विचारलं. आज माझे सहा महिने भरले, सर. मी सोमवारपासून यायचं का?

विश्रामराव बाहेर बघत होते. ‘ती मधुची गोष्ट तुम्हाला सांगितलीय ना सगळ्यांनी?’ ते म्हणाले. ‘मी त्याला काढलं नव्हतं. त्यानं रकाना भरला, तो चुकला, आणि मला तोंड दाखवायला नको म्हणून तो यायचाच बंद झाला. मी दोनदा त्याच्या घरी गेलो होतो. चांगला मुलगा होता. येऊन सांगितलं असतं तर...’

मग म्हणाले, पत्र गुरुवारीच टंकून ठेवलंय, टेबलाच्या खणात आहे, चुकीची दुरुस्ती हातात आल्याशिवाय द्यायचं नव्हतं म्हणून आज आणलं नाही, तिथीचा तक्ता लावलेलं टिपण आणा आणि घेऊन जा.

सोमवारी, प्रतिपदेला, सरोज पहिल्या गाडीनं ठाण्याला गेली. सकाळ असून गेटवर शांतता होती, पाणी आज दुपारचं होतं. तिनं नवा कोरा फॉर्म दामाजींपुढे ठेवला. ‘सर्वांत गर्दीची वेळ’ याच्या अलीकडे तिनं स्वतःच्या हातानं एक रकाना आखून आणला होता, ‘तिथी’. दामाजींनी तो पाहिला, कानावरची पेन्सिल काढली आणि प्रतिपदेपासून सुरुवात करायला वाकले.

सरोजनं आपलं पेन उघडून त्यांच्यापुढे धरलं.

‘पेनानं लिवू?’ दामाजींनी विचारलं. ‘चुकला तर पुसता येनार नाय.’

‘म्हणूनच,’ सरोज म्हणाली.